वाचक विचारतात : इंदुरात या आठवड्यात थंडी किती?

कार्तिक सरत आला की हवामानाचे प्रश्न वाढतात. लग्नसराई, गव्हाची पेरणी, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं फिरणं, सगळंच या आठवड्याच्या हवेवर अवलंबून असतं. अंक छापून तुमच्या हाती यायला चार दिवस जातात, त्यामुळे सोमवारी किती आणि मंगळवारी किती असा तक्ता इथे देत नाही. तो दिला तरी निम्मा चुकेल. हवा कोणत्या वळणावर आहे हे घरबसल्या कसं ओळखायचं, ते सांगतो.

सकाळी पोहे आणायला जाताना स्वेटर लागतो आणि दुपारी पंखा. या आठवड्यात थंडी वाढेल की आहे तशीच राहील?
(एक वाचक, सुदामानगर)

नोव्हेंबरच्या शेवटी इंदूरचं कमाल तापमान साधारण २८ ते ३० अंश आणि किमान १२ ते १४ अंश असतं. एकाच दिवसात १५-१६ अंशांचा फरक माळव्यात नेहमीचाच. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे, पावसाळा संपून हवा कोरडी झालेली असते आणि आकाश मोकळं असतं. दिवसा तापलेली जमीन रात्री ती उष्णता सरळ आकाशात सोडून देते. वर ढग असले तर त्यातली बरीच उष्णता खाली परत येते. म्हणून ढगाळ रात्र उबदार जाते आणि चांदण्या लख्ख दिसणारी रात्र गारठवते.

थंडीचा चढउतार मात्र ठरतो तो पश्चिमी विक्षोभामुळे. भूमध्य समुद्राकडून निघालेला हा कमी दाबाचा, ढगांचा पट्टा इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून काश्मीर-हिमाचलवर येतो. तो जवळ येत असताना आपल्याकडचा वारा पूर्वेकडे किंवा आग्नेयेकडे वळतो, पश्चिमेकडून पिसांसारखे पातळ, उंचावरचे ढग सरकत येतात आणि रात्रीचं तापमान दोन ते चार अंशांनी वाढतं. लोकांना वाटतं थंडी गेली. खरं तर पुढच्या थंडीची तयारी तिथूनच सुरू होते. विक्षोभ पुढे सरकला की आकाश स्वच्छ होतं, वारा उत्तरेचा किंवा वायव्येचा होतो आणि डोंगरात बर्फ पडला असेल तर एक-दोन दिवसांत तो गारठा इंदूरपर्यंत पोहोचतो. टीव्हीवर रोहतांग, गुलमर्गच्या बर्फाची बातमी दिसली की गच्चीवर जा आणि एखाद्या मंदिराचा ध्वज कोणत्या दिशेला फडकतोय ते पाहा. दक्षिणेकडे फडकत असेल तर वारा उत्तरेचा आहे. मग जाड रजया उन्हात घालायला हरकत नाही.

या आठवड्यासाठी आमचा अंदाज असा : उत्तरेचा वारा टिकला आणि ढग आले नाहीत, तर किमान तापमान १० ते १२ अंशांत राहील आणि एखाद्या सकाळी १० च्या खालीही जाईल. वारा पूर्वेचा झाला तर ते १५-१६ वर जाईल आणि दिवस किंचित दमट वाटेल. दुपारचं तापमान दोन्ही परिस्थितींत फारसं बदलत नाही, ढग दाटून राहिले तरच ते २५-२६ पर्यंत उतरतं.

आणखी एक. ‘शीतलहर’ हा शब्द बातम्यांत सैल वापरला जातो. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली जायला हवं आणि शिवाय सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी कमी हवं. किंवा सरळ ४ अंशांवर उतरायला हवं. आपल्याकडची सध्याची सरासरी साडेबारा धरली, तर ८ अंशांपर्यंत उतरल्याशिवाय ती शीतलहर नाही. ११ अंशांची सकाळ ही नुसती थंडी.

पेपरात १३ अंश लिहिलेलं असतं, आमच्या राऊच्या घराबाहेरचा थर्मामीटर १० दाखवतो. खरं कोणतं?
(एक वाचिका, राऊ)

दोन्ही खरी असू शकतात. पेपरातला इंदूरचा आकडा बहुधा विमानतळावरच्या वेधशाळेचा असतो. शहराच्या पश्चिमेला, मोकळ्या जागेत, फटींच्या झडपा असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंचीवर तो मोजलेला असतो. राजवाडा, जुनी इंदूर या दाटीच्या भागात भिंती, डांबर आणि स्लॅब रात्रभर उष्णता सोडत राहतात, त्यामुळे तिथे पारा वर असतो. राऊ, महू, बायपासपलीकडच्या शेतांकडे तो दोन-तीन अंश खाली जाणं सहज शक्य आहे. थंड हवा जड असते, ती सखल जागी साचते. नाल्याकाठची वस्ती टेकाडावरच्या वस्तीपेक्षा गार असते ती यामुळेच.

तुमचा थर्मामीटर मात्र एकदा तपासा. भिंतीवर खिळ्याला टांगला असेल तर तो भिंतीचं तापमान सांगतो. गच्चीच्या फरशीवर ठेवला तर स्लॅबचं. उघड्या आकाशाखाली ठेवला तर तो स्वतःच उष्णता गमावतो आणि हवेपेक्षा कमी आकडा दाखवतो, तुमच्या १० मधला काही भाग तिथला असेल. मातीच्या अंगणात, भिंतीपासून दोन मीटर लांब, छातीच्या उंचीवर, वर पांढरं छप्पर आणि चारही बाजूंनी वारा खेळेल असा लावा. सगळ्यांत कमी तापमान मध्यरात्री नसतं, ते सूर्योदयाच्या सुमारास असतं. सध्या सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो, तेव्हा साडेसहा ते सात या वेळात वाचन घ्या.

शनिवारी मुलीचं लग्न, मॅरेज गार्डन उघडं आहे. मावठ्याची, म्हणजे हिवाळ्यातल्या अवकाळी पावसाची, भीती धरावी का?
(एक वाचक, लोकमान्यनगर)

धरावी, पण आतापासून झोप उडवू नये. नोव्हेंबरात इंदूरला पावसाचे दिवस फार थोडे असतात. जेव्हा येतो तेव्हा त्याची वाट ठरलेली असते : अरबी समुद्रात किंवा बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र, तिथून आलेली ओल आणि त्याच वेळी उत्तरेकडून जाणारा विक्षोभ. दोघांची गाठ पडली की नुसती भुरभुर राहत नाही. २६ नोव्हेंबर २०२३ ला असंच झालं. गुजरात, उत्तर महाराष्ट्र आणि आपला पश्चिम मध्य प्रदेश इथे गडगडाटासह पाऊस झाला, कित्येक ठिकाणी गारा पडल्या, गुजरातेत वीज पडून माणसं गेली. तेही ऐन लग्नसराईत.

पाच दिवस आधी फक्त एवढंच पाहा की दोन्ही समुद्रांत कमी दाबाचं क्षेत्र आहे का. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर ते रोज दिलेलं असतं. नसेल तर निश्चिंत राहा. असेल तर तीन दिवस आधी तिथेच इंदूर जिल्ह्यासाठीच्या इशाऱ्याचा रंग पाहा. हिरवा म्हणजे काही नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी असेल तर त्याच दिवशी मंडपवाल्याला वॉटरप्रूफ डोम सांगून ठेवा, कारण आदल्या दिवशी शहरात एकही शिल्लक नसतो. लग्नाच्या दिवशी तीन तासांचा तात्काळ अंदाज आणि विजेसाठी ‘दामिनी’ अॅप. गडगडाट ऐकू आला की पाहुण्यांना झाडांखालून आणि लोखंडी खांबांजवळून पक्क्या इमारतीत हलवा.

पावसापेक्षा जास्त खात्रीचा त्रास दवाचा आहे आणि त्याची तयारी कोणी करत नाही. रात्री नऊनंतर उघड्यावरचे गालिचे, खुर्च्यांची कव्हरं, जेवणाच्या थाळ्या ओलसर होतात. दव वरून पडत नाही. आकाशाकडे तोंड असलेली वस्तू हवेपेक्षा थंड होते आणि हवेतली वाफ तिच्यावर जमते. म्हणून साधं कापडी छत असलं तरी खालचं कोरडं राहतं. जेवणाचे काउंटर आणि वडीलधाऱ्यांच्या खुर्च्या छताखालीच घ्या. गार्डनवाल्याला आदल्या संध्याकाळपासून लॉनला पाणी घालू नको असं बजावून सांगा, ओल्या गवतामुळे दव जास्त येतं आणि साड्यांचे काठ भिजतात. विजेच्या तारांचे जोड जमिनीवर नकोत, विटांवर किंवा खांबाला बांधून उचललेले हवेत. आणि कोळशाची शेगडी कितीही थंडी असली तरी वधूच्या बंद खोलीत ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सांवेरला थोडी शेती आहे. गहू आता पेरावा की अजून थांबावं?
(एक वाचक, टिळकनगर)

थांबू नका. ओलिताच्या गव्हाला दिवस-रात्रीची सरासरी २० ते २२ अंश हवी. दिवसा २९ आणि रात्री १३ असेल तर सरासरी २१ येते, म्हणजे वेळ बरोबर आहे. फार उशीर केला तर दाणा भरण्याच्या वेळी मार्चचा उन्हाळा गाठतो आणि दाणा बारीक राहतो. पहिलं पाणी पेरणीनंतर २०-२१ दिवसांनी, मुकुटमुळं (खोडाच्या बुडाशी येणारी नवी मुळं) फुटताना. ते चुकवू नका. हरभरा लावला असेल तर ढगाळ दिवसांत घाटेअळीवर लक्ष ठेवा. ‘मेघदूत’ अॅपवर जिल्ह्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो.

वडिलांना दम्याचा त्रास आहे. पहाटे पाचला फिरायला जातात. चालेल का?
(एक वाचिका, रामबाग)

नाही, या महिन्यात नाही. पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते. त्यामुळे धूर वर जाऊ शकत नाही. चहाच्या टपरीवरच्या भट्टीचा धूर पाहा, थोडा वर चढून झाकण लागल्यासारखा आडवा पसरतो. धूळ आणि गाड्यांचा धूर त्याच थरात कोंडलेला असतो, आणि थंड कोरड्या हवेने दम्याच्या श्वासनलिका आखडतात ते वेगळंच. ऊन जमिनीवर दोनेक तास पडलं की थर मोडतो. त्यांना साडेआठ-नऊला पाठवा, नाका-तोंडावर मऊ सुती उपरणं गुंडाळून. वारा अजिबात नसलेल्या, धुरकट दिवशी घरातच चालू द्या. पंप डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सोबत असू द्या.

आवळासुपारी या आठवड्यात वाळेल ना?
(एक वाचिका, परदेशीपुरा)

उत्तम वाळेल. दुपारची हवा कोरडी आहे. दहा ते चार ऊन द्या, वर पातळ मलमल टाका, दिवसातून एकदा परता. चारनंतर ताटं आत घ्या. गच्चीवर रात्रभर राहिली तर दवाने फोडी पुन्हा ओल्या होतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कडेला पांढरी बुरशी दिसते. पूर्वेचा वारा सुटून ढग आले तर त्या दिवशी चिरायला घेऊच नका.