अमेरिकेहून आणलेल्या जुन्या रेकॉर्ड प्लेयरवर कंट्री संगीत संथ आणि जड का ऐकू येते, आणि एवढ्या खटाटोपाचे चीज होते का?

आपल्या मामांनी अमेरिकेहून साठच्या दशकातला सूटकेस प्लेयर आणि त्यासोबत हँक विल्यम्स, पॅट्सी क्लाइन, जिम रीव्ह्ज या कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या लोकप्रिय संगीताच्या, गायकांच्या रेकॉर्ड आणून दिल्या. ट्रान्सफॉर्मर लावून त्या वाजवल्या तर सगळेच गायक पेंगुळल्यासारखे गातात. आणि मोबाइलवर हीच गाणी स्वच्छ ऐकू येत असताना या यंत्राच्या मागे लागावे का, असा आपला प्रश्न आहे. मी टेनेसी राज्यात नॅशव्हिलजवळ काही वर्षे राहिलो आणि पुण्याला परतताना असाच एक प्लेयर सोबत आणला. माझ्याही घरी पहिल्या दिवशी हेच घडले होते. तरीही माझे उत्तर निःशंकपणे 'होय' असे आहे. मात्र आधी वेग दुरुस्त करून घ्यावा लागेल.

दोष रेकॉर्डचा नाही आणि प्लेयरचाही नाही. अमेरिकेतली वीज 60 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 60 आवर्तनांची असते आणि आपल्याकडची 50 हर्ट्झची. या प्लेयरची मोटर किती वेगाने फिरणार हे व्होल्टेजवर नव्हे तर या हर्ट्झवर ठरते, आणि ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्टेज बदलतो. त्यामुळे मिनिटाला 33⅓ फेरे घेणारी रेकॉर्ड आपल्याकडे जेमतेम 27.8 फेरे घेते. पेटीवर मोजले तर सूर तीन पट्ट्यांहूनही थोडा अधिक खाली उतरतो. जिम रीव्ह्जचा मुळातच खर्जाकडे झुकणारा आवाज त्यामुळे पार तळाला जातो, आणि पॅट्सी क्लाइनचा आवाज तर ओळखूही येत नाही.

झाकणाखाली मोटरच्या दांडीवर एक छोटी पितळी पुली असते, दीपमाळेसारखी वर निमुळती होत गेलेली. तिची प्रत्येक पायरी एकेका वेगासाठी असते. तिला टेकलेले रबरी चाक प्रत्यक्ष थाळी फिरवते. ही पुली प्रत्येक पायरीला 1.2 पट व्यासाची करून घेतली की वेग बरोबर येतो. मी भवानी पेठेतल्या एका लेथवाल्या कारागिराकडून ती करून घेतली. पहिली पुली किंचित आडवी बसल्याने आवाज डुलत होता, दुसरी मात्र अचूक बसली. वेग तपासण्यासाठी 180 रेघांची स्ट्रोबची चकती थाळीवर ठेवावी आणि जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली पाहावी; 33⅓ च्या वेगाला रेघा स्थिर दिसल्या की काम झाले.

एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. त्या काळच्या अनेक स्वस्त व्हॉल्व्हच्या प्लेयरमध्ये विजेची एक तार थेट धातूच्या चौकटीला जोडलेली असे. त्या चौकटीला हात लागला तर शॉक बसू शकतो. म्हणून एकच वाइंडिंग असलेला ऑटो ट्रान्सफॉर्मर वापरू नका, तो प्लेयरला घरच्या विजेपासून वेगळे करत नाही. दोन स्वतंत्र वाइंडिंग असलेला ट्रान्सफॉर्मर घ्या आणि आतले कपॅसिटर जाणकाराकडून तपासून घ्या. सुईबाबतही तेवढेच सांभाळावे लागते. 1958 नंतर बाजारात आलेल्या स्टीरिओ रेकॉर्डच्या खाचेत सुईला आडवे आणि उभे दोन्ही हलावे लागते. केवळ मोनोसाठी, म्हणजे एकाच चॅनेलच्या रेकॉर्डसाठी बनवलेल्या ताठ कार्ट्रिजला (सुई ज्यात बसते तो भाग) उभे हलता येत नाही, म्हणून ते खाच खरवडून काढते. आपल्याकडच्या रेकॉर्डवर 'स्टीरिओ' छापले असेल, तर आधी स्टीरिओला चालणारे कार्ट्रिज बसवा आणि त्याचे दोन्ही चॅनेल एकत्र जोडा.

आता 'चीज होते का' याविषयी. हे संगीत रेडिओ, ज्यूकबॉक्स आणि घरातला एकच स्पीकर डोळ्यांसमोर ठेवून घडवलेले होते. त्यात गायकाचा आवाज सर्वांत पुढे असतो आणि वाद्ये त्याच्या पाठीशी दाटीने बसलेली असतात. एका स्पीकरच्या पेटीतून ते ऐकताना ती बैठक जुळून येते. मोबाइलवर शब्द स्वच्छ ऐकू येतात हे खरे, पण ही जवळीक मला तिथे सापडत नाही.

आपण सुरुवात हँक विल्यम्सच्या 'युअर चीटिन हार्ट'ने करावी. त्याचे ध्वनिमुद्रण नॅशव्हिलमध्ये 23 सप्टेंबर 1952 रोजी झाले. ते त्यांचे अखेरचे सत्र ठरले आणि 1 जानेवारी 1953 रोजी वयाच्या 29 व्या वर्षी ते गेले. गाण्याच्या आरंभी डॉन हेल्म्स यांची स्टील गिटार वाजते. तारेवरून लोखंडी दांडी सरकवत सूर ओढायचे हे वाद्य हवाई बेटांवरून आलेले आहे, आणि आपल्याकडे हवाईयन गिटारवरच्या चित्रपटगीतांच्या रेकॉर्ड एके काळी घरोघर वाजत असल्यामुळे मराठी कानाला ते परके वाटत नाही. ती ओढ म्हणजे आपल्या ओळखीची मींडच आहे. वेग चुकलेला असला की सर्वांत आधी हीच मींड मरते. म्हणूनच मी पुलीविषयी इतके लिहिले.

त्यानंतर पॅट्सी क्लाइनचे 1961 सालचे 'क्रेझी' ऐका. गाणे विली नेल्सन यांचे आणि निर्मिती ओवेन ब्रॅडली यांची. मोटार अपघातात बरगड्यांना इजा झाल्याने पॅट्सी यांना पहिल्या सत्रात वरचे सूर पेलले नाहीत, म्हणून वाद्यमेळ आधी ध्वनिमुद्रित झाला आणि काही आठवड्यांनी त्या परत येऊन गायल्या. ते गाणे ऐकताना हे ध्यानातही येत नाही. फ्लॉइड क्रेमर यांच्या पियानोकडे मात्र मुद्दाम कान द्यावा: मूळ सुरावर येण्याआधी ते शेजारच्या सुराला निसटता स्पर्श करतात, अगदी आपल्या कणस्वरासारखा.

जॉनी कॅश यांची एखादी रेकॉर्ड मिळाली तर 1956 चे 'आय वॉक द लाइन' सोडू नका. त्यात ड्रम नाही. कॅश यांनी गिटारच्या तारांखाली कागद अडकवून तो खसखसता ठेका काढला आहे, आणि जुन्या स्पीकरमधून तो कागद शेजारी कोणी हलवत असल्यासारखा ऐकू येतो.

जिम रीव्ह्ज मी स्वतः रात्रीसाठी राखून ठेवतो. मायक्रोफोनला जवळजवळ ओठ टेकवून हळू आवाजात गाण्याची त्यांची रीत होती, त्यामुळे प्लेयरचा आवाज अगदी कमी ठेवूनही त्यांचा शब्द न् शब्द पोचतो. मुंबई-गोव्यातल्या अनेक ख्रिस्ती घरांत त्यांच्या रेकॉर्ड वर्षानुवर्षे जपलेल्या आहेत, तेव्हा आपल्याकडची प्रत झिजलेली निघाली तरी दुसरी मिळणे अवघड जाणार नाही.

आणि ऐकून झाल्यावर वेगाचा खटका आठवणीने मधल्या, म्हणजे बंद स्थितीत आणून ठेवा. रबरी चाक पुलीला दाबलेल्या अवस्थेत रात्रभर राहिले तर त्यावर खड्डा पडतो, आणि मग प्रत्येक गाण्यात प्रत्येक फेऱ्याला 'धप्प' असा आवाज येऊ लागतो.