भारतात डिजिटल रेडिओ घरोघरी का पोहोचला नाही? नॉर्वेसारखं एफएम सरळ बंद करून टाकलं तर?

वाईला माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना, कारण हाच वाद मी थोरल्या भावाशी सात-आठ वर्षं घालतोय.

दादा पुण्यात टेलिकॉममध्ये. आकाशवाणीने डीआरएम हे डिजिटल रेडिओचं तंत्र घेतलं, देशभरात पस्तीसेक मिडियम वेव्ह ट्रान्समीटर डिजिटल केले, त्यात पुण्याचं ७९२ किलोहर्ट्झही आलं. दादा म्हणाला, "सिग्नल आलाय ना, मग सेट येणारच. तू आत्तापासून ठेवायला लाग." मी दोन सेट आणले. एकेक दहा हजारांच्या वरचा.

पहिला सेट काउंटरवर लावला त्या सकाळी चार म्हातारी माणसं जमली होती. पुणे केंद्र असं लागलं की निवेदिकेने कागद उलटला तोही ऐकू आला. मला वडिलांची आठवण आली. तेवढ्यात समोरच्या पिठाच्या गिरणीची मोटर सुरू झाली आणि आवाज तुटला. खरखर नाही, काहीच नाही. पडद्यावर केंद्राचं नाव दिसतंय आणि सेट मुका. डिजिटलचं असंच असतं, सिग्नल पुरेसा असला तर स्वच्छ, नाहीतर शून्य. आमचे तात्या म्हणाले, "माझ्या रेडिओत खरखर येते, पण बातमी कळते रे." त्यांनी पिशवीतून आपला टू-बँड काढला. व्हॉल्यूम कंट्रोल बदलून दिला, ऐंशी रुपये घेतले. डिजिटल सेट एक निवृत्त मास्तरांनी नेला, दुसरा अजून शोकेसमध्ये आहे.

माझं मत स्पष्ट आहे. नियोजन उलट्या बाजूने झालं. ट्रान्समीटर एका टेंडरमध्ये येतो, रेडिओ मात्र कोट्यवधी माणसांनी एकेक करून विकत घ्यायचा असतो. सेट महाग म्हणून कोणी घेत नाही, आणि कोणी घेत नाही म्हणून कंपन्या स्वस्त करत नाहीत. ही गाठ सरकारनेच सोडवायला हवी होती. हजारभर रुपयांचा सेट आधी, ट्रान्समीटर मागून. साध्या एफएमलाही सरकारने जोर लावला नाही. मोबाइलमध्ये एफएम चालू ठेवा असं २०२३ मध्ये कंपन्यांना कळवलं, पण ती सूचनाच, सक्ती नाही.

आता ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, ऑक्टोबर २०२५ मध्ये खाजगी एफएम डिजिटल करण्यासाठी शिफारशी केल्यात. एकाच फ्रिक्वेन्सीवर नेहमीचं एफएम, सोबत तीन डिजिटल वाहिन्या आणि एक डेटा वाहिनी. सुरुवात चार महानगरं आणि नऊ मोठ्या शहरांत, पुणे-नागपूर त्यात आहेत. जुनं एफएम कधी बंद करायचं ते पुढे ठरेल. हे मला शहाणपणाचं वाटतं. पण वाई-भोरचा माणूस यात कुठे आहे? दादाला हेच विचारलं तर म्हणतो, "ते येईल मागाहून." सात-आठ वर्षांपूर्वीही हेच म्हणाला होता.

नॉर्वेचं म्हणाल तर २०१७ मध्ये तिथे राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम गेलं, बहुतेक स्थानिक केंद्रं एफएमवरच राहिली. आणि त्याआधी अटी होत्या. सरकारी वाहिनीचं डिजिटल प्रक्षेपण तिच्या एफएमइतकं पोहोचलं पाहिजे, आणि रोज रेडिओ ऐकणाऱ्यांतले निम्मे तरी डिजिटलवर आलेले असले पाहिजेत. दादाला हा भाग मीच सांगितला.

एक मात्र मान्य करतो. डीआरएमला वीज कमी लागते, आणि बऱ्याच नव्या गाड्यांत तो कारखान्यातूनच बसवून येतो. भाच्याच्या गाडीत पुण्यापर्यंत मी सलग ऐकलाय, झकास येतो. म्हणजे मी डिजिटलच्या विरोधात नाही.

घरासाठी सेट घ्यायचा असेल तर दुकानदाराला आधी घरी आणून लावून दाखवायला सांगा. एलईडी दिवे, इन्व्हर्टर, चार्जर सगळं चालू असताना, खिडकीपाशी आणि आतल्या खोलीतही. आवाज तुटला तर परत द्या.