आवतन बैलाला आणि गड्याला

प्रिय बाळा,

मोठ्या बाबांनी पाठवलेला पोळ्याचा व्हिडिओ पाहून तू विचारलंस, "बैलाला आज जेवायला बोलवायचं, पाया पडायचं आणि मग पुन्हा नांगराला जुंपायचं. हे खोटं नाही का?" गाडीत बसल्या बसल्या उत्तर देण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहितोय.

आपला पोळा श्रावण अमावस्येला. जूनमध्ये पेरणी आटोपली की कपाशीच्या तासांमधून डवरे फिरत राहतात, नाहीतर आमच्या काळ्या जमिनीत तण माजायला वेळ लागत नाही. पोळ्यापर्यंत बैलाच्या मानेवर सतत जू असतं. खांदा सुजतो, कधी सोलवटतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आबाजी पळसाच्या पानाने त्याच खांद्यावर हळद-तूप चोळायचे. खांदशेकणी म्हणतात तिला. औषधच ते, फक्त त्याला मुहूर्त आहे. मग ते म्हणायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." अर्ध्या गावाला अरे-तुरे करणारा माणूस, बैलाशी मात्र अहो-जाहोनं बोलायचा!

दुसऱ्या दिवशी नाल्यावर आंघोळ, शिंगांना बेगड, कपाळाला मठाटी, पाठीवर झूल. बैलाला टोचायची खिळ्याची काठी, म्हणजे तुतारी, त्या दिवशी हातात घ्यायची नाही. संध्याकाळी आखरावर, म्हणजे गावची गुरं जमतात त्या मोकळ्या जागेत, तोरणाखाली जोड्या उभ्या राहायच्या आणि झडत्या, म्हणजे पोळ्याची चिमटे काढणारी गाणी, सुरू व्हायच्या. त्यात सावकारापासून पुढाऱ्यापर्यंत कोणाचीही खैर नसे, आणि शेवटी सगळे ओरडायचे, "हर बोला, हर हर महादेव!" तोरण तुटलं की पोळा फुटला. घरी पुरणपोळी आधी बैलाला. आम्ही पोरं भुकेनं कळवळत असलो तरी आजी बधायची नाही.

तर बैलापुरतं माझं उत्तर असं की ते खोटं नव्हतं. आबाजींना त्याच्याकडून काम घ्यायचंच होतं आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. त्याच्या जिवावर आपण जेवतो, हे चारचौघांत, कपाळ टेकून कबूल करायचा तो दिवस. लहानपणापासून ही कबुली अंगवळणी पडावी म्हणून दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा असतो, लाकडी बैलांचा. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी तो १८०६ साली सुरू केला असं सांगतात. तुझ्या कपाटावरचा लाकडी बैल त्यासाठीच आहे, शोभेसाठी नाही.

पण तुझा प्रश्न मला अडला तो दुसऱ्याच ठिकाणी. जोडी तोरणाखाली नेणारे आबाजी नव्हते, आमचे सालगडी होते. मी त्यांना काका म्हणायचो. गुढीपाडव्याला त्यांचं साल ठरायचं, म्हणजे वर्षभराचा करार: थोडे पैसे, थोडं धान्य. पोळ्याला त्यांना नवे कपडे मिळायचे, बैल घरी आणले की आजी ओवाळायची आणि हातावर बोजारा, म्हणजे पोळ्याचे पैसे, ठेवायची. त्या दिवशी ते आमच्याबरोबर घरात पंगतीला बसत. बाकी वर्षभर त्यांचं ताट ओसरीवर. बैलाचा खांदा आबाजी शेकायचे; काकांच्या खांद्याला कोणी काही लावल्याचं मला आठवत नाही. मी एकदा आजीला विचारलं, काका रोज आत का बसत नाहीत? ती म्हणाली, "काऊन, ओसरीवर हवा लागते ना." आजी मायाळू होती, हे तुला माहीत आहे. तरी हे उत्तर तिचंच.

म्हणून खोटं कुठे होतं असं विचारशील, तर मी ओसरीकडे बोट दाखवीन. बैलाला वाचा नव्हती म्हणून त्याचे आभार मानणं सोपं होतं. काकांचे मानले असते, तर त्यांनी साल वाढवून मागितलं असतं. रास्तच होतं ते.

आता घरी जोडी नाही. व्हिडिओतले बैल शेजाऱ्यांचे होते. आपलं शेत ट्रॅक्टरनं होतं आणि तो ट्रॅक्टर काकांच्या मुलाचा आहे. गेल्या पोळ्याला मोठ्या बाबांनी त्याला जेवायला बोलावलं, तो आला, घरात बसून जेवला. निघताना त्यांनी रीतीप्रमाणे बोजारा पुढे केला, तर तो हसून म्हणाला, "भाऊ, हे राहू द्या. डिझेल महाग झालं, नांगरटीचा भाव वाढवा." मोठे बाबा फोनवर अजून कुरकुरतात. भाव मात्र वाढवून दिला.

तुझा,
बाबा