चर्चच्या उपासनेत टाळ्या वाजवणं योग्य आहे का?

तुमचा प्रश्न असा आहे की नाताळच्या उपासनेत कॉयरनं, म्हणजे चर्चच्या गायकवृंदानं, गाणं मस्त म्हटलं, मागच्या तरुण पोरांनी टाळ्या वाजवल्या, पुढच्या बाकांवरच्या वडीलधाऱ्यांनी वळून डोळे वटारले, आणि आता मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, मीटिंगमध्ये टाळ्यांवर बंदी घालायचा ठराव येतोय, तर नक्की बरोबर कोण.

माझं मत आधीच सांगून टाकते. आपोआप वाजलेल्या टाळ्यांबद्दल माझी काही तक्रार नाही, माईकवरून मागून घेतलेल्या टाळ्या मात्र मला अजिबात आवडत नाहीत, आणि बंदीचा ठराव तर करूच नका, कारण बंदीनं टाळ्या थांबत नाहीत हे सोळाशे वर्षांपूर्वी एका मोठ्या माणसानं करून बघितलंय, ते खाली येईलच.

मी बोलतेय कुठून तर माहेर नगरकडचं, सीएनआयवाले (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट) आम्ही, आणि सासर वसईचं, पक्के कॅथलिक, त्यामुळे उपासना पण बघते आणि मिस्साला, म्हणजे कॅथलिकांच्या उपासनेला, पण जाते आणि दोन्हीकडे कॉयरमध्ये उभी राहिलेय, म्हणजे टाळ्या घेणाऱ्यांच्या बाजूनं पण हे प्रकरण माहितीय.

टाळ्यांच्या बाजूचे लोक लगेच बायबलमधलं स्तोत्र ४७ काढतात, "सर्व लोकहो, टाळ्या वाजवा", बास, विषय संपला. संपत नाही हो. त्या स्तोत्रात टाळी राजाला आहे, गवयाला नाही. २ राजे ११ मध्ये लहानग्या योवाशाला मुकुट घातल्यावर लोक टाळ्या वाजवून राजाचा जयजयकार करतात, तसलीच ती टाळी. यशया ५५ मध्ये रानातली झाडं टाळ्या वाजवतात, स्तोत्र ९८ मध्ये नद्या, तेही छानच. पण विलापगीत २ मध्ये उद्ध्वस्त यरुशलेम बघून येणारेजाणारे टाळ्या पिटतात ती शुद्ध टिंगल आहे, आणि नहूमच्या पुस्तकाच्या शेवटी निनवे या शत्रूच्या शहराचा नाश झाल्याचं ऐकून लोक टाळ्या वाजवतात. मंदिरात झांजा कोणी वाजवायच्या, कर्णे कोणी फुंकायचे हे एवढं बारीक लिहून ठेवलंय पण गाणाऱ्या लेव्यांना, म्हणजे मंदिरातल्या सेवेकऱ्यांना, लोकांनी दाद द्यावी असं कुठे वाचल्याचं मला तरी आठवत नाही, आणि नव्या करारात तर टाळ्यांचा विषयच नाही. त्यामुळे बायबल उघडून एकमेकांना गप्प करायचा उद्योग दोन्ही बाजूंनी सोडलेला बरा.

आता एक गोष्ट वेगळी काढून ठेवू, भजनातली टाळी. आमच्याकडे खेड्यातल्या मंडळीत पेटी, ढोलकी, टाळ असतात आणि बायका हातानं ठेका धरतात, त्यावर आक्षेप घेणारा माणूस मी तरी नगर जिल्ह्यात बघितला नाही. कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि त्यांनी अभंग, भजन, कीर्तन हे सगळं चर्चमध्ये रुजवलं, नाहीतर तोवर बरीचशी गाणी इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरं, ती ताठ उभं राहून म्हणायची. मुक्तिफौजवाले (साल्वेशन आर्मी) १८८२ मध्ये मुंबईत उतरले तेव्हा वाद्यं वाजवत रस्त्यानं मिरवणुका काढायचे आणि पोलीस त्यांना पकडून न्यायचे, तेव्हा आपल्याकडे चर्चचा आवाज किती असावा हा वाद काही आजचा नाही. पण ठेक्याच्या टाळीत सगळ्यांचेच हात गुंतलेले असतात, तिथे बघे कोणी उरत नाहीत, म्हणून तिचा त्रास होत नाही. भांडण होतं ते गाणं संपल्यावरच्या टाळीवरून.

आणि हे भांडण जुनं आहे, फारच जुनं. तिसऱ्या शतकात अंत्युखियाचा बिशप होता समोसाटाचा पौल, त्याला पदावरून काढताना बाकीच्या बिशपांनी जे पत्र लिहिलं त्यात शिकवणुकीच्या चुकांबरोबर ही पण तक्रार आहे की हा व्यासपीठावर मांडी थोपटतो, पाय आपटतो, आणि नाटकगृहात करतात तसं लोकांनी रुमाल हलवून वाहवा करावी अशी अपेक्षा ठेवतो आणि जे करत नाहीत त्यांना झापतो! हे वाचताना मला आपल्याकडचे दोनतीन कन्व्हेंशन स्पीकर, म्हणजे मोठ्या ख्रिस्ती मेळाव्यांतले वक्ते, डोळ्यासमोर आले, नावं नाही घेत.

मग इसवी सन ४०० च्या आसपास कॉन्स्टँटिनोपलचा बिशप योहान ख्रिसोस्तोम. त्या काळी संदेश, म्हणजे प्रवचन, चालू असतानाच लोक टाळ्या वाजवायचे, वक्तृत्वाची आवड होती ना. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकावरच्या एका संदेशात हा माणूस अगदी मोकळेपणानं सांगतो की टाळ्या वाजतात तेव्हा मला पण बरं वाटतं, मी पण माणूसच आहे, पण घरी गेल्यावर वाईट वाटतं की लोकांनी वाहवा केली आणि घ्यायचं ते घेतलंच नाही. म्हणून म्हणतो, आजपासून नियम करू या, बोलणं चालू असताना कोणी टाळ्या वाजवायच्या नाहीत, शांत बसून ऐकायचं. आणि यावर लोकांनी काय करावं? टाळ्या वाजवल्या. तो वैतागून म्हणतो, अरे याच्याच विरुद्ध नियम करतोय आणि तुम्हाला तेवढं ऐकून घ्यायचा पण धीर नाही! तुमच्या मीटिंगमधल्या ठरावाचं वेगळं काही होईल असं मला वाटत नाही.

कॅथलिक बाजूला या विषयावर सगळ्यात कडक लिहिलंय ते रात्झिंगर यांनी, म्हणजे नंतरचे पोप बेनेडिक्ट सोळावे. २००० सालच्या पुस्तकात त्यांचं म्हणणं असं की माणसाच्या कामगिरीसाठी उपासनेत टाळ्या वाजायला लागल्या की समजावं उपासनेचा गाभा हरवला आणि आता धार्मिक करमणूक चाललीय. आमच्या वसईच्या चर्चमधल्या एका सिनियर मावशींना हे पाठच आहे, कुठेही टाळी वाजली की त्या ऐकवतात. मी त्यांना एकदाच हळूच म्हटलं, मावशी, पण ८ एप्रिल २००५ ला पोप जॉन पॉल दुसरे यांच्या अंत्यविधीचा मिस्सा याच रात्झिंगरनी चालवला ना, आणि त्यांचा संदेश चालू असताना रोमच्या सेंट पीटर चौकातल्या लोकांनी परत परत टाळ्या वाजवल्या, आणि ते थांबत होते, टाळ्या ओसरल्या की पुढे बोलत होते. मावशी म्हणाल्या ती गोष्ट वेगळी. वेगळी आहेच, मला तेच म्हणायचंय. इटलीत शवपेटी चर्चबाहेर निघताना टाळ्या वाजवतात, आपल्याला ते विचित्र वाटतं पण तिथे तो निरोप आहे. लंडनला ६ सप्टेंबर १९९७ ला डायनाच्या अंत्यविधीत तिच्या भावाचं भाषण संपलं तेव्हा टाळ्या आधी बाहेर, लाऊडस्पीकरवर ऐकणाऱ्या गर्दीत सुरू झाल्या आणि मग तो आवाज दारातून वेस्टमिन्स्टर ॲबीच्या आत आला आणि आतले लोकही वाजवायला लागले, म्हणजे एरवी शिस्तीत बसणारे इंग्रज. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी माईकवर मागितल्या नव्हत्या. असल्या टाळ्यांना थांबवणारे आपण कोण.

आता मागून घेतलेल्या टाळ्या. "प्रभूसाठी जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या!" मग आवाज कमी पडला की "एवढ्याच? अजून जोरात!" हे ऐकलं की माझ्या हातांना आपोआप कुलूप लागतं. प्रभूचं नाव पुढे करून टाळ्या काढायच्या आणि त्या पडतात नेमक्या गिटारवाल्याचं गाणं संपल्यावर, मग प्रभूला किती आणि गिटारला किती याचा हिशोब कोण ठेवणार. जोशात गाणाऱ्या-प्रार्थना करणाऱ्या पेंटेकॉस्टल पंथाच्या मंडळींचा मला राग नाही बरं का, त्यांच्याकडे लोक मनापासून वाजवतात तेही बघितलंय, राग आहे तो जोर करून घेण्याचा.

याच्याही वरताण म्हणजे नाताळच्या दिवशीचे पाहुणे. उपासना अर्ध्यावर आलेली, अजून संदेश व्हायचाय, आणि दारात गडबड, कोणीतरी नगरसेवक किंवा आमदार आले, मग सेक्रेटरी बूट वाजवत पुढे, शाल, गुलाबाचं फूल, फोटोसाठी जरा इकडे बघा साहेब, साहेबांचे दोन शब्द ज्यात कब्रस्तानाच्या कंपाउंडचं आश्वासन असतंच, आणि टाळ्या. त्या टाळ्यांना एकाही वडीलधाऱ्यानं डोळे वटारलेले मी बघितले नाहीत! पोरांनी गाण्याला वाजवल्या तर अपमान आणि यांना वाजवल्या तर पाहुणचार, हा न्याय मला कळत नाही. तुमच्या मीटिंगमध्ये हा मुद्दा नक्की काढा.

कॉयरच्या बाजूनं बघितलं तर जागेचा फरक खूप पडतो, हे कोणी बोलत नाही. जुन्या कॅथलिक चर्चमध्ये कॉयर मागे वर माळ्यावर असायचं, गाणारा दिसायचाच नाही, आवाज पाठीमागून यायचा आणि लोकांचं तोंड वेदीकडे, तिथे टाळी सुचणार कशी. आता कॉयर पुढे आलं, स्टेज आलं, लाइट आले, ड्रमसेट आला, गाणारा एक आणि बाकी सगळे समोर बसून त्याच्याकडे बघतायत, मग गाणं संपल्यावर हात आपोआप एकत्र येणारच, पोरांचा काय दोष. आणि एकदा टाळ्यांची सवय लागली की गाण्यांची निवड पण बदलते हे मी स्वतः कॉयरमध्ये अनुभवलंय, ज्याच्या शेवटी वर चढायला मिळतं तेच गाणं पाहिजे, मंडळीला सोबत म्हणता येईल असं साधं गाणं कोणाला नको. मला टाळ्यांचं सगळ्यात मोठं नुकसान हे वाटतं, लोक गायचे थांबतात.

माहेरच्या चर्चमध्ये पेटीवर एक रिटायर्ड मास्तर बसायचे, त्यांची युक्ती सांगते. कॉयरचं विशेष गीत संपत आलं की शेवटचा सूर ते सोडायचेच नाहीत, भाता हलकासा चालू ठेवून तोच सूर धरून ठेवायचे आणि त्या सुरावरच पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) "आपण प्रार्थना करू या" म्हणायचे. डोकी खाली, हात जोडलेले, टाळीला फटच नाही. कोणाला रागवायचं नाही, बोर्डावर सूचना नाही. आम्हा पोरींना तेव्हा वाटायचं मास्तरांना सूर सोडवत नाही, नंतर कळलं की हे पाळकसाहेबांशी ठरवून चाललेलं होतं.

पण फट बुजवणं पण पुरेसं नाही कारण लोकांना काहीतरी उत्तर द्यायचं असतं. मनाला लागलेलं गाणं झालं, आणि तुम्ही म्हणता मख्ख बसा, हे कसं जमेल. आपल्याकडे यासाठी आधीपासून एक गोष्ट आहे, आमेन, म्हणजे तथास्तु. नहेम्या ८ मध्ये एज्रा देवाचा धन्यवाद करतो तेव्हा सगळे लोक हात वर करून "आमेन, आमेन" म्हणतात. १ करिंथ १४ मध्ये पौल विचारतो की तुझं बोलणं ज्याला कळलंच नाही तो तुझ्या उपकारस्तुतीला आमेन कसं म्हणणार, म्हणजे आमेन म्हणणं हे ऐकणाऱ्याचं काम होतं. चौथ्या शतकात बायबलचं लॅटिन भाषांतर करणारा जेरोम लिहितो की रोमच्या लोकांचं आमेन मेघगर्जनेसारखं घुमतं. आणि आज आपल्या चर्चमध्ये? प्रार्थना संपली की पाळक स्वतःच आमेन म्हणतात, पहिल्या बाकावरचे दोघं पुटपुटतात, झालं. मंडळीचं तोंड आपण बंद केलं म्हणून हात चालायला लागले, असं माझं स्पष्ट मत आहे. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनमध्ये १९०५ साली धार्मिक जागृती झाली तेव्हा मुली सगळ्या एकदम मोठ्यानं प्रार्थना करत होत्या, रडत होत्या. आमच्या इथे नवीन पाळकांनी मध्यंतरी एवढंच केलं की विशेष गीत झाल्यावर स्वतः मोठ्यानं आमेन म्हणायला लागले आणि थांबायचे, मंडळीकडे बघत. पहिल्यांदा सगळे गोंधळले, मग हळूहळू सुरू झालं, आता मागच्या बाकांवरची पोरंच सगळ्यात जोरात म्हणतात.

लोकांना प्रसंग कळत नाही असंही समजू नका. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) १२ ते ३ येशूच्या वधस्तंभावरच्या सात वचनांवर सात जण बोलतात, त्यातले एकदोन खरंच चांगलं बोलतात, कोणी टाळी वाजवतं का? कुठल्या नियमानं थांबतात ते?

लहान मुलांचं मात्र सोडून द्या. शब्बाथ शाळेच्या (संडे स्कूलच्या) लेकरांनी बाळ येशूला बघायला आलेल्या मेंढपाळ आणि मागी लोकांचं नाटुकलं केलं, एकाची कापसाची दाढी लोंबतेय, दुसरा डायलॉग विसरून आईकडे बघतोय, तिथे टाळ्या वाजवल्या नाहीत तर ती लेकरं पुढच्या वर्षी उभी राहणार नाहीत, तिथे खुशाल वाजवा, मी पण वाजवते. वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, सत्कार हे सगळं उपासनेच्या शेवटचं आशीर्वचन झाल्यावर ठेवायचं म्हणजे वादच नको, वसईला काही फादर असंच करतात, शेवटचा आशीर्वाद देऊन टाकतात आणि मग म्हणतात आता बसा पाच मिनिटं.

तर मीटिंगमध्ये ठराव वगैरे करत बसू नका. पाळकसाहेबांना तीन गोष्टी मागा, माईकवरून टाळ्या मागणं बंद, विशेष गीतानंतर लगेच प्रार्थना आणि मंडळीचं आमेन, आणि आमदारसाहेबांची शाल उपासना संपल्यावर बाहेर मंडपात, चहा-केकच्या टेबलाजवळ. पहिल्या दोन गोष्टी मान्य होतील. तिसरीला किती लोक तुमच्या बाजूनं हात वर करतात ते मला नक्की कळवा.