ग्रुपवर टाकलं म्हणजे तक्रार झाली काय?

(वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारे लेखक विदर्भात ग्रामविकास अधिकारी होते, आता निवृत्त आहेत.)

प्रश्न : काकाजी, आमच्या ग्रामपंचायतीनं व्हॉट्सॲप ग्रुप काढला. नळाची पाइपलाइन फुटली तेव्हा मी त्यावर फोटो टाकला. सरपंचांनी खाली अंगठ्याचं चित्र टाकलं, बस. पंधरा दिवसांनी सचिव विचारतात, "लेखी अर्ज दिला काय?" लोकांनी ओरड केली, तर आता ग्रुपवर फक्त ॲडमिनच लिहू शकतो. असं तोंड बंद करता येतं काय? आणि मग ग्रुप काढला कायले?
– एक वाचक, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, सचिवाचं बोलणं कोरडं आहे, पण प्रश्न बरोबर आहे. (सचिव म्हणजे ग्रामसेवक. शासनानं पदाचं नाव बदलून आता 'ग्रामपंचायत अधिकारी' केलं, पण आपल्याकडे तो सचिवच.) ग्रुप काही कायद्यानं काढलेला नाही. उद्या सरपंचाचा मोबाइल बदलला की त्यांच्याकडचा तुमचा फोटो जाऊ शकतो. आवक रजिस्टरात चढलेला अर्ज मात्र तिथंच राहतो आणि बदलून आलेल्या सचिवालाही त्याचं उत्तर द्यावं लागतं. तेव्हा अर्जाच्या दोन प्रती करा. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका. ग्रुपवरचा फोटो छापून सोबत जोडा, म्हणजे पंचायतीला कधीपासून माहीत होतं ते दिसेल.

अर्ज नीट लिहा. "पाण्याची व्यवस्था करावी" एवढंच लिहिलेले अर्ज मी नोकरीत गठ्ठ्यानं पाहिले. वाचून काय करायचं तेच कळत नसे. त्यापेक्षा "वार्ड २, मारोतीच्या देवळाजवळचा वॉल्व्ह ३ तारखेपासून गळतो, पुढच्या चार घरांना पाणी नाही" असं असलं की सचिवाला सरळ नळवाल्याला पाठवता येतं. एका अर्जात एकच काम. पाणी, नाली आणि पथदिवा एकत्र कोंबले की एक काम करून अर्ज निकाली काढला जातो. तरीही हालचाल नसेल, तर पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे जा किंवा 'आपले सरकार'च्या तक्रार निवारण पोर्टलवर नोंदवा. तिथं टोकन क्रमांक मिळतो, तो जपा.

आता तोंड बंद करण्याचं. तुम्हाला आवडणार नाही, पण माहितीचा ग्रुप ॲडमिनपुरता ठेवणं मला पटतं. नळाची वेळ, लसीकरण, ग्रामसभेची नोटीस हे सगळं शुभ सकाळ, वाढदिवस आणि दोन पार्ट्यांच्या भांडणात बुडून जातं. दवंडी चालू असताना कोतवालाशी कोणी वाद घालत नाही, तसंच हे. पण अट एक : लोकांनी सांगायचं कुठं, ते पंचायतीनं जाहीर केलंच पाहिजे. केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान विभागानं २०१२ मध्येच सरकारी संस्थांसाठी समाजमाध्यमांची मार्गदर्शक तत्त्वं काढली. खातं कोण चालवणार, उत्तर किती वेळात देणार, हे आधी ठरवा, असाच त्यांचा रोख आहे. तुमच्या पंचायतीनं तक्रारीसाठी वेगळा नंबर द्यावा आणि आलेला निरोप त्याच दिवशी रजिस्टरात चढवावा, हा विषय पुढच्या ग्रामसभेत मांडा.

तीच गोष्ट ग्रुपवर मत घेण्याची. आधी सिमेंट रस्ता की स्मशानशेड, यावर पोल घेतात आणि "गावानं ठरवलं" म्हणतात. तो ठराव नव्हे. ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे हजर लागतात. नसले की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला ही किमान हजेरी (गणपूर्ती) लागतच नाही. खरी गोम तिथं आहे. शिवाय घरातला मोबाइल बहुधा पुरुषाच्या खिशात असतो. बायांचं मत पोलमध्ये कुठून येणार? म्हणूनच ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर सगळ्या गावाचा मिळून हक्क, मिळवला, तो अभ्यासगट आणि सर्वसहमतीनं चालणाऱ्या ग्रामसभेच्या बळावर. तुमच्या ग्रुपवर विषयपत्रिका आधी आणि ठरावांचा फोटो नंतर टाकायला लावा, एवढ्यानंही पुष्कळ फरक पडेल. खर्च पाहायला 'मेरी पंचायत' ॲप आहे. आकडे खटकले तर १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज करा, उत्तराची मुदत ३० दिवस.

प्रश्न : मी सरपंच आहे, ग्रुपची ॲडमिनही मीच. एक जण विरोधकांवर घाणेरडं लिहितो. पोलीस मला धरतील काय?
– एक महिला सरपंच, गोंदिया जिल्हा

उत्तर : ताई, निव्वळ ॲडमिन आहे म्हणून नाही. तुमच्याच जिल्ह्यातल्या एका प्रकरणात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये हेच सांगितलं : सदस्यानं टाकलेल्या मजकुराची जबाबदारी ॲडमिनवर आपोआप येत नाही, दोघांचा संगनमताचा हेतू दिसला पाहिजे. पण तुम्ही तो मजकूर पुढं पाठवला किंवा त्याखाली हसण्याचा चेहरा टाकला, तर मग कोणत्या तोंडानं नाही म्हणणार? एकदा समज द्या, नंतर काढून टाका. आणि घरकुलाची यादी टाकताना आधार आणि बँक खात्याचे क्रमांक झाका. हे मी बजावून सांगतो, कारण पूर्ण कागद जसाच्या तसा टाकणारे बरेच आहेत.

प्रश्न : मंत्र्यांना 'एक्स'वर टॅग केलं तर काम होतं काय?
– एक शेतकरी, वाशीम जिल्हा

उत्तर : कधी कधी होतं. रेल्वेसारख्या खात्यात त्यासाठी माणसं बसलेली असतात. गावच्या नालीची तक्रार मात्र मुंबईहून जिल्हा परिषद, पंचायत समिती अशी उतरत शेवटी सचिवाकडेच येते. टॅग करायचंच तर सोबत टोकन क्रमांक टाका, नाहीतर "कृपया तपशील पाठवा" एवढंच उत्तर येईल. पीएम किसानचा हप्ता अडला असेल, तर तो केंद्राचा विषय. त्यासाठी केंद्राच्या पीजी पोर्टलवर तक्रार करा. तिथली निपटाऱ्याची मुदत ऑगस्ट २०२४ पासून ३० वरून २१ दिवसांवर आणली आहे. तक्रार बंद केल्याचा निरोप आला आणि काम झालं नसेल, तर तिथंच अपील करता येतं.