आडनाव सगळ्यात शेवटी

प्रिय लेकरा,

परवा तू डेटिंग ॲपवरच्या प्रोफाइलचे स्क्रीनशॉट पाठवलेस आणि विचारलंस, "बाई, ठीक दिसतंय ना?" दिसायला छानच आहे. तू त्या ॲपवर गेलीस म्हणून मी रागावलेले नाही, हे आधी सांगते. स्वतःच्या मनानं माणूस शोधावा असं तुला वाटतं, त्यात वावगं काहीच नाही.

पण रात्री मी तो फोन घेऊन बसले आणि तुला ओळखतच नाही असं समजून तुला शोधायला लागले. तू फक्त पहिलं नाव टाकलंयस. तिसऱ्या फोटोत मात्र गळ्यात ओळखपत्राची पट्टी आहे आणि तिच्यावर कॉलेजचं नाव स्पष्ट वाचता येतं. ते नाव आणि तुझं नाव इन्स्टाग्रामवर टाकलं, तर तुझं खातं सापडलं. फोटो तोच, त्यामुळं शंका उरली नाही. खातं प्रायव्हेट ठेवलंयस हे चांगलं केलंस, पण खात्याच्या नावातच आडनाव आहे. तुझ्या चुलत बहिणीचं खातं सगळ्यांना उघडं. तिच्या लग्नाच्या रीलमध्ये तुला टॅग केलंय आणि मागं मंडपाच्या कमानीवर गावाचं नाव झळकतंय. तिथून तुझा भाऊ, त्याची एमएच २२ ची, म्हणजे परभणीची गाडी, गाडीमागं बाबांच्या दुकानाची पाटी. पंचवीस मिनिटं लागली मला. मी काही फार हुशार नाही या कामात.

मोठ्या शहरात आडनाव कळलं तर बऱ्याचदा नुसतं आडनावच कळतं. आपल्या मराठवाड्यात आडनाव आणि गाव जोडलं गेलं की जात कळते, भावकी कळते, पाव्हणे कुठले ते कळतं. दोन फोन केले की तुझ्या घरचा नंबर हातात. म्हणून या दोन गोष्टी सगळ्यात शेवटी सांगायच्या, माणूस नीट पारखून झाल्यावर. त्यानं आधीच खोदून खोदून विचारलं, "पण तुम्ही कुठले? आडनाव काय?" तर तेवढ्यावरून त्याच्याबद्दलही थोडं समजून घे.

मोबाईल नंबरचंही तसंच. नंबर गूगल पे नाहीतर फोनपेवर टाकला की बँकेतलं नाव समोर येतं, आणि आपल्याकडं बँकेतलं नाव म्हणजे पुष्कळदा वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव. त्यामुळं बरेच दिवस ॲपमध्येच बोल.

नंबराची भीती मी कुठं शिकले ते सांगते. २००८ साली मी नव्यानं नोकरीला लागले होते. रिचार्ज करायला गेलं की दुकानात एक लांबडी वही असायची, तिच्यात आपल्या हातानं नंबर लिहायचा. मी निळ्या पेनानं, नीट अक्षरात लिहायचे. मग रात्री अकराला मिस्ड कॉल सुरू झाले. तीन महिने. एकदा पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, अक्षर लई चांगलंय तुमचं." तेव्हा कळलं वही कुणाकुणाला दाखवली जाते ते. मी घरी सांगितलं नाही, कारण नोकरी सोड म्हणतील अशी भीती होती. त्या तीन महिन्यांत मी एकटी किती घाबरले, ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

लेकरा, धमकी देणाऱ्याच्या हातात खरं हत्यार तेच असतं : "तुझ्या घरी सांगीन." फोटो, चॅट, व्हिडिओ कॉलचं रेकॉर्डिंग ही नुसती साधनं. घरी कळायची भीती आपल्या मुलींना इतकी असते की त्या पैसे देतात, आणि एकदा दिले की मागणी थांबत नाही. म्हणून आत्ताच एक माणूस ठरव, ज्याला तू कुणाशी बोलतेस ते माहीत असेल. मैत्रीण असू दे, आत्या असू दे, मी असू दे. आईला सांगता आलं तर सगळ्यात बरं, पण ते तुझ्या घराकडं बघून तूच ठरव.

खासगी फोटो पाठवू नकोस. व्हॉट्सॲपवर एकदाच दिसणारा फोटो असतो, त्याचा स्क्रीनशॉट निघत नाही, हे खरं. पण दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याला कोण अडवणार? आणि समजा पाठवला गेला, तरी चूक तुझी ठरत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ प्रमाणं, बाईनं असा फोटो काढू दिला असला तरी तो तिसऱ्याला द्यायची परवानगी दिलेली नसेल, तर पसरवणारा गुन्हेगार. वेळ आलीच तर पैसे देऊ नकोस, चॅट पुसू नकोस, सगळ्याचे स्क्रीनशॉट ठेव आणि १९३० ला, म्हणजे सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला, फोन कर. गावाकडच्या ठाण्यात ओळखीचे भेटतील म्हणून थांबायचं कारण नाही. तू राहतेस त्या संभाजीनगरच्या कुठल्याही ठाण्यात झीरो एफआयआर होतो, म्हणजे गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतला असला तरी तक्रार नोंदवून घेतात. खासगी फोटो पसरू नयेत म्हणून स्टॉपएनसीआयआय नावाची ऑनलाइन सोयही आहे. तिथं फोटो तुझ्या फोनमधून बाहेर जात नाही, नुसता त्याचा डिजिटल ठसा जातो, आणि त्यात सामील झालेल्या कंपन्या तो फोटो त्यांच्याकडं अडवतात.

भेटायचं ठरलं तर कॅनॉटच्या बाजारात भेट, दिवसाउजेडी, माणसांच्या गर्दीत. पहिल्याच भेटीत त्याच्या गाडीवर दौलताबाद-वेरूळकडं जायचं नाही. मैत्रिणीला लाइव्ह लोकेशन पाठवून ठेव आणि परतताना आपली आपण रिक्षा कर. हॉस्टेलचं फाटक त्याला इतक्यात कळायला नको.

बहिणीला तो टॅग काढायला सांग. रविवारी फोन कर, बाकीचं दोघी मिळून बघू. ओळखपत्राचा फोटो तेवढा आज झोपायच्या आधी काढून टाक.

तुझ्या,
बाई