सासूबाईंना जपानला नेता येईल का?

ताई,

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याला योकोहामात नोकरी मिळाली आहे, मुलगी साडेपाच वर्षांची आहे, आणि तिला जन्मल्यापासून अंगाखांद्यावर वाढवणाऱ्या सासूबाई आता नाशिकच्या घरात एकट्या राहतील. त्यांना सोबत नेता येईल का, जपानी लोक म्हाताऱ्या आईवडिलांना वाऱ्यावर सोडतात हे खरं का, आणि तिथं वाढून आपली लेकही तशीच होईल का, असं तुम्ही विचारलंय. मी मिरजेची. योकोहामात सतरा वर्षं झाली. जे पाहिलं आणि जे सोसलं ते सांगते.

आधी व्हिसाचं, कारण सगळं तिथंच अडतं. नवऱ्याच्या नोकरीवर तुम्हाला आणि मुलीला कुटुंब म्हणून राहता येतं, पण आईवडील त्या कुटुंबात धरत नाहीत. एक वाट आहे. नवऱ्याला 'उच्च कुशल व्यावसायिक' हा गुणांवर मिळणारा व्हिसा असेल (७० गुण लागतात), घराचं वार्षिक उत्पन्न ८० लाख येन किंवा त्याहून जास्त असेल, आणि घरात ७ वर्षांखालचं मूल असेल किंवा बाई गरोदर असेल, तर मदतीला कुठल्या तरी एकाच बाजूच्या आईवडिलांना आणता येतं. राहायचं एकाच घरात. तुमची मुलगी साडेपाचची, म्हणजे हाताशी फक्त दीड वर्ष आहे. कायमची सोय म्हणून याच्याकडे बघू नका. नाहीतर पाहुण्या म्हणून जास्तीत जास्त ९० दिवस. पाहुण्यांना इथला सरकारी आरोग्य विमा मिळत नाही, तेव्हा प्रवासाचा विमा तिथूनच काढा आणि बीपी-शुगरसारखी जुनी दुखणी त्यात धरली आहेत का ते नीट वाचा. तिकिटं काढण्याआधी हे सगळं कंपनीकडून लेखी विचारून घ्या.

आता वाऱ्यावर सोडण्याचं. मीही तेच मनात धरून आले होते. आमच्या शेजारी एक दुमजली घर आहे. खाली आजी, वर मुलगा, सून आणि दोन नातवंडं. दारं दोन, बेल दोन, टपालपेट्या दोन. अशा घराला 'निसेताइ' म्हणतात, दोन कुटुंबांचं घर. १९७० च्या दशकापासून बांधकाम कंपन्या अशी घरं खास बांधून विकतात. पहिलं वर्षभर मला वाटायचं, यांचं आपसात पटत नसणार. मग थंडीतल्या एका संध्याकाळी बाल्कनीतले कपडे काढताना सून बाहेरच्या जिन्यावरून उतरताना दिसली. हातात झाकण घातलेला वाडगा, वर घडी केलेला रुमाल. तिनं आजींची बेल वाजवली, आतून आवाज आल्यावर दार उघडलं, वाडगा दिला, किंचित वाकली आणि परत वर गेली. दुसऱ्या दिवशी तोच वाडगा धुऊन पुसून जिन्याच्या पायरीवर ठेवलेला, आत दोन संत्री. रिकामं भांडं परत पाठवू नये हे मला माझ्या आजीनं शिकवलं होतं, म्हणून त्या संत्र्यांकडे मी कितीतरी वेळ बघत राहिले. जपानीत म्हणतात, आईवडिलांपासून सूप थंड होणार नाही इतक्याच अंतरावर राहावं. ते अंतर मी त्या जिन्यावर मोजलं, पंधरा पायऱ्या.

हे अंतर आलं कुठून, ते समजलं तर ही माणसं समजतील. युद्धापूर्वीच्या कायद्यात घराला एक कर्ता असे. घर, जमीन, सगळं थोरल्या मुलाकडे जायचं आणि त्याच्याबरोबर आईवडिलांची जबाबदारीही. ती प्रत्यक्षात पडायची थोरल्या सुनेच्या गळ्यात. १९४७ मध्ये नागरी कायदा बदलला, सगळ्या मुलांचा वाटा सारखा झाला. आता लग्न झालं की जोडप्याची वेगळी 'कोसेकी', म्हणजे सरकारी कुटुंबनोंद, सुरू होते. तीन पिढ्यांची नावं एका नोंदीत राहूच शकत नाहीत. तरी घरं बदलायला वेळ लागला. १९८० मध्ये पासष्टीपुढचं माणूस असलेल्या घरांपैकी निम्मी तीन पिढ्यांची होती, आज दहातलं एकही नाही. आईवडिलांना पोसण्याची जबाबदारी मात्र कायद्यात अजून आहे, रक्ताच्या नात्यावर. सुनेची गोष्ट वेगळी. नवरा वारल्यावर सासरशी नातं संपवल्याचा अर्ज ती वॉर्ड ऑफिसात देऊ शकते, सासरच्यांना विचारावंही लागत नाही. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. पुढे तो अर्ज भरलेली एक बाई भेटली. तिनं वीस वर्षं अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं केलं होतं, एकटीनं. तिचं ऐकल्यापासून मी कुणाला नावं ठेवत नाही.

अशा सुनांच्या खांद्यावरचं ओझं निदान थोडं उतरावं म्हणून एप्रिल २००० पासून 'काइगो होकेन' आला, म्हातारपणाच्या शुश्रूषेचा विमा. चाळिशी झाली की प्रत्येकाला हप्ता भरावा लागतो, इथं राहणाऱ्या परदेशी माणसालाही, तेव्हा तुमच्या नवऱ्याच्या पगारातूनही एक दिवस तो कापला जाईल. वॉर्डाचा माणूस घरी येऊन म्हाताऱ्या माणसाला काय जमतं, काय जमत नाही ते बघतो. त्यावरून सातपैकी एक पायरी ठरते, केअर मॅनेजर आठवडा आखून देतो आणि बहुतेकांना खर्चाचा दहावा हिस्सा पडतो. शेजारच्या आजींना मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी गाडी न्यायला येते. तिकडे आंघोळ, जेवण, हलका व्यायाम, आणि दुपारी घरी. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत सून फाटकात उभी असते. याला वाऱ्यावर सोडणं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण सगळं गोड आहे असंही सांगणार नाही. इथल्या म्हाताऱ्या माणसांना 'मेइवाकु'ची धास्ती असते, आपला दुसऱ्याला त्रास नको. पडलं तरी सांगत नाहीत, दुखलं तरी फोन करत नाहीत. एकट्यानं जाणारी आणि कित्येक दिवसांनी सापडणारी माणसं आहेत, त्यासाठी भाषेत वेगळा शब्द आहे, 'कोदोकुशी'. पन्नाशीचा मुलगा वर्षानुवर्षं खोलीबाहेर पडत नाही आणि ऐंशीची आई पेन्शनवर त्याला जेवू घालते, अशीही घरं आहेत. त्याला इथं '८०५० चा प्रश्न' म्हणतात. माया असूनही ती बोलून दाखवायची नाही, हे मला आजही पटत नाही. तुम्ही तुमच्या घरात हे येऊ देऊ नका.

माझी आई ९० दिवसांसाठी आली होती तेव्हाचं सांगते, सासूबाईंसाठी उपयोगी पडेल. पहिले पंधरा दिवस ती फ्लॅटमध्ये दार लावून बसून होती. मी कामावर, मुलं शाळेत, खाली उतरलं तर एक अक्षर कळत नाही. शेवटी शेजारच्या आजींनीच एका सकाळी तिला खुणेनं बोलावलं आणि जवळच्या बागेत नेलं. साडेसहाला रेडिओवर व्यायामाचा कार्यक्रम लागतो, १९२८ पासून चालत आलेला, आणि म्हातारी माणसं बागेत जमून तो करतात. आई पाचवारी साडीवर माझे बूट घालून रोज जायला लागली. ऑगस्टमध्ये ओबोन आलं, त्यांचा पितरांचा सण. आजींनी आम्हाला बुत्सुदानासमोर नेलं. ते त्यांच्या पितरांचं घरातलं देवघर, रोज पहिला भात तिथं ठेवतात. समोर काड्यांचे पाय टोचलेली एक काकडी आणि एक वांगं. काकडी म्हणजे घोडा, पितरांनी लवकर घरी यावं म्हणून. वांगं म्हणजे बैल, परत जाताना सावकाश जावं म्हणून. मी आईला समजावून सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "आपण कावळ्याची वाट बघतो, हे वाहन पाठवतात." त्या दिवसापासून तिला इथं परकं वाटलं नाही. तेव्हा सासूबाई आल्या की पहिल्याच आठवड्यात त्यांना बागेत घेऊन जा, माझ्यासारखी पंधरा दिवस वाट बघू नका.

आणि नवऱ्याला एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवा. आजारी आईवडिलांच्या शुश्रूषेसाठी कायद्यानं एका माणसामागे ९३ दिवसांची रजा मिळते, तीन वेळा विभागून घेता येते, आणि सासूसासऱ्यांसाठीही असते. म्हणजे तुम्हीही नोकरीला लागलात तर तुम्हालाही. बाबांच्या शेवटच्या आजारपणात मी ती मागितली नाही, कारण आमच्या ऑफिसात कुणी मागत नव्हतं. बाबा गेले तेव्हा मला मिरजेला पोचायला दीड दिवस लागला. ते आजही सलतं. रजेचे नियम रुजू होतानाच विचारून ठेवा, मागायची वेळ आल्यावर तोंड उघडत नाही.

मुलीची काळजी मला त्यामानानं कमी वाटते. इथंही पहिल्या बाळंतपणाला कितीतरी मुली माहेरी जातात, 'सातोगाएरी' म्हणतात त्याला. घरात मूल आलं की सगळे त्याच्या नात्यानं एकमेकांना हाक मारायला लागतात, बायको नवऱ्याला 'ओतोसान' म्हणते, बाबा. तुमच्या लेकीला यातलं काहीच परकं वाटणार नाही. फक्त रोजचा फोन आजीच्या वेळेला लावा. जपान साडेतीन तास पुढे आहे, इथले संध्याकाळचे साडेसात म्हणजे नाशिकला दुपारचे चार, चहाची वेळ. नुसतं "कशी आहेस, जेवलीस का" नको, आजीनं गोष्ट अर्धी सांगून ठेवायची आणि उरलेली उद्या.

सहावं वर्ष पूर्ण झालं की येणाऱ्या एप्रिलमध्ये शाळा सुरू होते. शाळेत 'रांदोसेरु' लागतं, पाठीवरचं ते कडक दप्तर, सहा वर्षं तेच. पन्नास-साठ हजार येन पडतात आणि पुष्कळ घरांत ते आजी-आजोबाच घेतात. खरेदी आदल्या वर्षीच्या वसंतापासून सुरू होते, मुलं दुकानात दप्तर पाठीला लावून आरशासमोर फिरून बघतात. सासूबाईंना ९० दिवसांसाठी आणायचं तर शक्यतो तेव्हा आणा. रंग मुलीला निवडू दे, आणि पैसे सासूबाईंच्या पर्समधून जाऊ देत, तुम्ही आधी त्यांना दिलेले असले तरी.